आभाराचं पान

आमच्या विभागात एक नियम होता. नियम कसला, सरांचं खूळ. आभार संशोधन संपल्यावर मानायचे नाहीत. ज्या दिवशी ज्याची मदत झाली त्याच दिवशी त्याचं नाव आभाराच्या पानावर लिहायचं. तेही हाताने, ब्रश शाईत बुडवून. आम्ही जी भाषा शिकत होतो ती मुळात ब्रशने लिहायची, आणि सरांच्या मते हाताला वळण लावायची एकही संधी सोडायची नसते, मग नावं आपल्या लिपीत का असेनात. एकदा लिहिलेल्या ओळीला पुन्हा हात लावायचा नाही. "काम झालं की माणसाला उपकार आठवत नाहीत," सर म्हणायचे. "गरज सरो, वैद्य मरो. म्हणून वैद्याचं नाव आधी लिहून ठेवा."

आम्ही हसायचो. सर बोलायला लागले की आम्ही बहुतेक वेळा हसायचोच.

आशिया अभ्यास विभाग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत सर आणि नकाशे, दुसरीत आम्ही आणि एक गळका नळ. शेवटच्या वर्षाला तिघं उरलो होतो, त्यातली एक हजेरीपुरती उगवायची, म्हणजे खरे दोघंच. मी आणि ढापण्या. ढापण्या जुन्या नकाशांवर काम करत होता, म्हणजे नकाशात काढलेल्या जहाजांना किती शिडं आहेत ते मोजत होता. मी काय करतेय हे मला सुरुवातीला कळलंच नव्हतं. आई इस्पितळात नर्स. ती ड्यूटीवर निघताना चपला घालता घालता विचारायची, "ती भाषा शिकून करणार काय तू? तिकडची माणसं येणारेत का आपल्याला पत्ता विचारायला?" आणि उत्तराला न थांबता जिना उतरायची.

तिकडची माणसं आली नाहीत, पण तिकडची पत्रं सापडली, आणि तीही आमच्याच खालच्या मजल्यावर.

खाली मावशी राहते. सख्खी नव्हे, पण सख्खीने केलं नसतं इतकं तिने माझं केलंय. आईच्या रात्रपाळ्यांमुळे मी अर्धी तिच्याच घरात वाढले. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात कामाला. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मी गेले तर बाबांना कोण बघणार?" हे ती इतक्या सहज म्हणायची की जणू बाजारातून काय आणायचं ते सांगतेय. तिची आई ती नऊ वर्षांची असतानाच गेली. त्यानंतर घरात ही आणि तिचे बाबा, म्हणजे माझे आजोबा. तेही सख्खे नव्हेत.

आजोबांनी तीस वर्षं मालवाहू जहाजावर धुलाईखात्यात काढली. चादरी, गणवेश, खानसाम्याचे डगले. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही स्वतःच्या सदऱ्याला स्वतःच इस्त्री करायचे आणि मावशीने केलेली इस्त्री त्यांना कधी पसंत पडायची नाही. मला म्हणायचे मास्तरीणबाई. मी शाळेत असतानाच हे नाव पडलं, कारण मी सगळ्यांच्या चुका काढायचे.

एका दुपारी, मावशी दुकानात असताना, त्यांनी मला हाक मारली. इस्त्रीच्या टेबलाखालच्या पेटीतून एक पाकीट काढलं. "मास्तरीणबाई, तुमच्या त्या भाषेतलं आहे म्हणतात. वाचता येतं का बघ."

आत सात पत्रं होती. वरून खाली लिहिलेली, बारीक, नीट अक्षरात. पन्नास वर्षांत ती कुणीही वाचली नव्हती. आजोबांना ती भाषा बंदरात भाव करण्यापुरती बोलता यायची, वाचता अजिबात यायची नाही. आणि वाचून घ्यायचं कोणाकडून? मी पहिलं पत्र घेऊन कोश उघडून बसले आणि दोन तासांनी त्यांना चार ओळी वाचून दाखवल्या. धक्क्याजवळ इस्त्रीचं दुकान चालवणारी एक बाई लिहीत होती. पाऊस फार आहे, कपडे वाळत नाहीत, तू दुरुस्त करून दिलेली इस्त्री अजून चालते. आजोबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं शिव्या असतील."

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. आणि लगेच दुसरा विचार आला तो असा, की मला विषय मिळाला. त्याच संध्याकाळी विभागात जाऊन मी आभाराच्या पानावर पहिली ओळ लिहिली. ब्रशने, जिभेचं टोक दातांत धरून, मोठ्या प्रेमाने लिहिली. 'आपल्या नावे आलेली सात पत्रे माझ्या हाती विश्वासाने सोपवणारे' आणि पुढे आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "वळण सुधारलंय." मी पानाचा फोटो काढला, सादरीकरणाची कोरी फाईल उघडून तिच्या शेवटी डकवला आणि विसरून गेले. नियमच तसा होता.

दुसऱ्या पत्रातही पाऊस आणि कपडे. तिसऱ्यात मुलगा निघाला.

मी वाचता वाचता अडखळले. त्या बाईने लिहिलं होतं: हिवाळाभर तू इथे राहिलास. मुलगा तुझं बोट धरून उभा राहिला. तू गेल्यावर तो दाराची कडी धरून उभा राहतो, त्याला वाटतं तेच बोट आहे.

आजोबांनी उठून दार लावून घेतलं. मग वळले. "हे बघ मास्तरीणबाई. तुझ्या परीक्षेला हे लिहायचं तर लिही. एकीने वाचलंच आहे, आता आणखी चौघांनी वाचलं तर वाचू देत. तिने लिहिलं ते कुणीतरी वाचायला पाहिजेच होतं. पण माझं नाव नको. आणि हिला, माझ्या पोरीला, कळता कामा नये. मी आहे तोवर नको. मी गेल्यावर काय व्हायचं ते होवो."

"नाही कळणार आजोबा."

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते ग. ही एकच मूठ आहे माझ्याकडे. ती उघडली तर ही राहील का माझी?"

मी शब्द दिला. आणि शब्द पाळण्यासाठी जिवाचं रान केलं, हेही तितकंच खरं आहे. निबंधात ते 'माहितीदाता क' झाले. धुलाईखातं काढलं, 'जहाजावरचा एक कामगार' केलं. वय गाळलं, बंदराचं नाव गाळलं, सालांऐवजी दशक लिहिलं. शेवटी संगणकाला त्यांचं नाव शोधायला लावलं. आधी पूर्ण, मग नुसतं आडनाव, मग मावशी त्यांना हाक मारते तेही. शून्य निकाल. मी ते शून्य आजोबांना दाखवायला खाली घेऊन गेले. आजोबांनी चष्मा लावून ते पाहिलं आणि मान डोलावली.

ब्रशने लिहिलेलं पान म्हणजे संगणकाच्या लेखी चित्र. चित्रातली अक्षरं तो शोधत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. डोक्यातच आलं नाही.

पदवीच्या विद्यार्थ्यांची विभागीय परिषद बसने तीन तासांवरच्या गावातल्या कॉलेजात होती. प्रत्येकाला बारा मिनिटं आणि प्रश्नांना तीन. सरांनी आमची तालीम आठ वेळा घेतली, हातात घड्याळ धरून. आठही वेळा निष्कर्ष संपला की ते म्हणायचे, "पुढे आभार. ते काय, दाखवून सोडायचे. चला, पुढचा." त्यामुळे ते पान तालमीत पडद्यावर कधी आलंच नाही.

जायच्या आदल्या दिवशी मावशी माझ्या जाकिटाच्या बाह्या आखूड करून वर आली. "मी पण येते उद्या. रजा टाकलीय."

"तू कशाला मावशी? कंटाळशील."

"तुझ्या आईला सुट्टी नाही. घरचं कुणी नको का? का लाज वाटते माझी?"

मी नको म्हणायला हवं होतं. पण घरचं कुणीतरी समोर बसलेलं मला हवं होतं. तोवर माझ्या एकाही बक्षिसाला, एकाही नाटकाला घरचं कुणी बसलेलं नव्हतं. खाली जाऊन मी आजोबांना विचारलं, तेव्हा ते इस्त्री करत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "नाव नाही ना माझं?"

"कुठेच नाही. तुम्ही पाहिलंत ना."

"मग जाऊ दे तिला. बिचारी कुठे जात नाही."

परिषदेचं सांगायचं तर सगळ्या परिषदांसारखीच ती असावी, मला दुसरी माहीत नाही. गळ्यात अडकवायचं ओळखपत्र, त्यावर माझं नाव चुकीचं. कापडी पिशवी, तीत एक वही आणि न चालणारं पेन. कागदी कपातला चहा. आमचं सत्र पहिल्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, कारण सभागृहात वाणिज्यवाले होते. उंच स्टुलांवर वीस-बावीस माणसं बसलेली, मागे बरण्या. मावशी तिसऱ्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन. तिने नवी चप्पल घातली होती आणि ती तिला लागत होती, हे मला व्यासपीठावरूनही कळत होतं.

ढापण्या माझ्याआधी बोलला. शिडांची संख्या सांगता सांगता त्याचा घसा सुकला आणि नऊ मिनिटांतच तो निष्कर्षावर येऊन बसला. अध्यक्षबाईंनी "वेळ पाळल्याबद्दल" त्याचं कौतुक केलं. मग मी.

मी चांगलं बोलले. हे सांगताना आज जीभ जड होते, पण बोलले. न वाचलेल्या पत्रांचं काय करायचं, हा माझा प्रश्न होता. त्या बाईला माहीत होतं की याला वाचता येत नाही. सहाव्या पत्रात तिने तसं लिहिलंच आहे: तुला हे कळणार नाही, म्हणून मला मोकळेपणाने लिहिता येतं. मग ती कुणाला लिहीत होती? मी तिसऱ्या पत्रातल्या ओळी मूळ भाषेत वाचल्या, मग आपल्या भाषेत. बोट, दार, कडी. मावशीने पर्समधून रुमाल काढला. तिच्या शेजारच्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, तेव्हा ती अर्धवट मोठ्याने म्हणाली, "कसला माणूस म्हणायचा हा! पोराला असं टाकून येतात?"

दोघी-तिघी हसल्या. मलाही हसू आलं, आणि भीती वाटली, आणि त्या भीतीतही मनात एक घमेंड होती की बघा, इतकी जवळची असून हिला पत्ता लागला नाही. काय लपवलंय मी!

निष्कर्ष संपला. टाळ्या सुरू झाल्या. मी बटण दाबलं.

पडद्यावर ते पान आलं. माझंच वळण, हातभर मोठं. पहिलीच ओळ. टाळ्या वाजवणाऱ्या लोकांनी ते वाचलं असेल किंवा नसेल, त्यांना ते एक नाव होतं. मी पडद्याला पाठमोरी होते, मला आधी कळलंच नाही. मी मावशीकडे पाहत होते आणि तिचे हात टाळी वाजवताना मध्येच थांबले, म्हणून मी मागे वळले.

पान बदलायला किती वेळ लागतो? अर्धा सेकंद. मी बटण शोधत राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि तो हात मी ब्रशने रंगवून दाखवला होता. शेवटी अध्यक्षबाईंनीच पडदा बंद केला. मागून कुणीतरी शाईबद्दल काही विचारलं, मी काही उत्तर दिलं. वळून पाहिलं तर मावशी पुन्हा टाळ्या वाजवत होती. आता एकटीच. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने हात खाली घेतले.

संध्याकाळी मला सत्रातल्या उत्कृष्ट सादरीकरणाचं प्रमाणपत्र मिळालं. सरांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं मीही आनंदाने रडतेय. ढापण्याने मात्र पान पाहिलं होतं. त्याला माझ्या वर्षभराच्या शोधाशोधीची सगळी कहाणी माहीत होती. तो नुसता जवळ येऊन उभा राहिला. नंतर चहाचा कप आणून दिला.

परतीच्या बसमध्ये मावशीने खिडकीची जागा घेतली. सर आणि ढापण्या पुढे बसले. तासभर ती बाहेर बघत होती. मी दोनदा "मावशी" म्हटलं, दोनदा तिने "हं" म्हटलं. मग चपलेतून पाय बाहेर काढून ती म्हणाली, "छान बोललीस हो. तुझ्या आईला सांगते."

"मावशी, मी—"

"ते बोट धरल्याचं पत्र. त्यावर साल नव्हतं सांगितलंस."

"दशक सांगितलं होतं."

"दशक मला काय करायचंय? साल सांग. पत्रावर असेल ना."

ती वाट पाहत राहिली. मला खोटं बोलता आलं असतं, दोन वर्षं पुढेमागे केली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण इतके दिवस मी त्या तारखा इतक्या चोख पाठ केल्या होत्या की तोंडातून खरंच साल निघालं. महिनाही निघाला.

मावशीने बोटांवर मोजलं नाही. तिला मोजायची गरज नव्हती. "त्याच हिवाळ्यात आई गेली," ती म्हणाली. "चार महिने अंथरुणाला होती. रोज विचारायची, जहाज कुठवर आलं? मी शेजाऱ्यांकडून तार करवली होती. जहाजाचं इंजिन बिघडलंय, अडकलोय, असं उत्तर आलं. मी ते आईला वाचून दाखवलं. नऊ वर्षांची होते. ती म्हणाली, त्यांच्या हातात असतं तर ते पोहत आले असते."

बस एका थांब्यावर थांबली. दोन माणसं उतरली, एक चढला.

"मी आयुष्यभर त्या इंजिनाला शिव्या दिल्या ग," मावशी म्हणाली.

मी तिचा हात धरायला गेले. तिने धरू दिला. पण तो हात नुसता माझ्या हातात पडून होता. उतरायच्या आधी तिने पदर सारखा करावा तसा स्वतःचा चेहरा पुसून घेतला आणि म्हणाली, "त्यांना सांगू नकोस मला कळलंय ते. या वयात झेपायचं नाही त्यांना." मला तेव्हा बरं वाटलं. वाटलं, निभावलं. किती मूर्ख असावं माणसाने!

आजोबा दारातच उभे होते. "काय मास्तरीणबाई, जिंकलात का?" मी प्रमाणपत्र पुढे केलं. मावशी त्यांच्या बाजूने आत गेली. "औषध घेतलंत का?" तिने विचारलं. रोज विचारते तसंच विचारलं, फक्त 'बाबा' म्हणाली नाही.

आणि ते तसंच राहिलं. पुढचे तीन आठवडे त्या घरात काही कमी पडलं नाही. जेवण वेळेवर, गरम. गोळ्या वाटीत मोजून. आंघोळीचं पाणी कडकडीत. पण मावशी त्यांच्याशी कामापुरतं बोलायची, त्यापलीकडे एक अक्षर नाही. पूर्वी दोघांची दिवसभर जुंपलेली असायची, इस्त्रीवरून, मिठावरून, खिडकी उघडी की बंद यावरून. वरच्या मजल्यावर आम्हाला ऐकू यायचं. आता आजोबा म्हणायचे, "आज मीठ जास्त झालंय," की ती ताट उचलून दुसरं करून आणायची. भांडायची नाही. त्यांनी मुद्दाम सदऱ्याला चुकीची घडी घातली, तरी ती काही बोलली नाही. मी खाली गेले की ती मला जेवायला वाढायची, आईची चौकशी करायची, आणि मी 'मावशी, ऐक ना' म्हटलं की भांडी घासायला घ्यायची.

आजोबा मूर्ख नव्हते. तीन आठवड्यांनी त्यांनी मला हाक मारली. मावशी आतल्या खोलीत शिवत बसली होती, मशीनचा आवाज येत होता. आजोबांनी खुर्ची जवळ ओढली.

"हिला कळलंय," ते म्हणाले. त्यांनी विचारलं नव्हतं, त्यामुळे मला नाही म्हणायला जागाच नव्हती.

"माझ्या हातून झालं आजोबा. मी तुमचे आभार मानले होते. पहिल्याच दिवशी लिहिले होते, ते काढायचे राहिले." हे बोलताना मला ते किती हास्यास्पद वाटलं काय सांगू. माणसाचं घर मोडायचं आणि वर म्हणायचं, आभार मानले होते.

ते रागावले असते तर मी सुटले असते. ते रागावले नाहीत. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी एक घडी केलेला कागद काढला. तो माझाच होता. एखाद्या माणसाची माहिती वापरायची तर विद्यापीठाचा एक छापील फॉर्म भरून घ्यावा लागतो, एक प्रत आपल्याकडे, एक त्याच्याकडे. मी घाईघाईत त्यांच्या सह्या घेतल्या होत्या, वाचूनही दाखवला नव्हता. त्यांनी तो वाचला होता. शब्दन् शब्द वाचला असावा, कारण घडीवर तो फाटायला आला होता आणि सहाव्या कलमाखाली पेन्सिलीची रेघ होती.

"हे वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. माहिती देणारी व्यक्ती कोणत्याही टप्प्यावर, कोणतंही कारण न देता, आपली संमती मागे घेऊ शकते. तसं केल्यास दिलेली सर्व माहिती दिलीच नव्हती असं समजण्यात येईल.

"असं आहे ना हे? कोणत्याही टप्प्यावर?"

"आहे."

"कारण द्यावं लागत नाही."

"नाही आजोबा."

"मग मी मागे घेतो." त्यांनी पेन माझ्यासमोर ठेवलं. "तुझं प्रमाणपत्र जाईल?"

"जाऊ दे."

"वाईट वाटतंय मला. चांगलं बोललीस म्हणे. पण मी मागे घेतो." मग ते पुढे वाकले आणि आवाज अगदी खाली आणला. "मग दिलीच नव्हती असं समजतात म्हणजे सगळेच समजतात ना? तिलाही तसंच समजावं लागेल ना?"

आत मशीन चालू होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस, बंदरोबंदरी कागद दाखवून आत-बाहेर गेलेला. शिक्का बसला की माणूस आत, नाही बसला की बाहेर, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. त्यांनी वेडेपणाने विचारलं नव्हतं. त्यांच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं.

वर्षभर त्या पत्रांतल्या एकेका शब्दासाठी मी कोश पालथे घातले होते. सरांशी भांडले होते, नेमका अर्थ सोडायचा नाही म्हणून. आजोबांना मी म्हणाले, "हो. तसंच असतं."

त्यांनी सही केली. अक्षर सुरेख आलं. मशीन थांबलं. मावशी दारात आली, गळ्यात टेप, हातात अर्धवट शिवलेला गणवेश. तिने आमच्यामधला कागद पाहिला, त्यावरची सही पाहिली. माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांची गोळीची वेळ झाली," आणि वाटी टेबलावर ठेवून पुन्हा आत गेली. मशीन सुरू झालं.

आजोबांनी गोळी घेतली, पाणी प्यायले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना मलाच धीर द्यावासा वाटला असावा.

"लगेच नाही होत," ते म्हणाले. "ऑफिसात कागद फिरायला वेळ लागतो. तू फक्त उद्या नेऊन दे. मी थांबतो."